चिखल बसू द्या

माझ्या पोट्टीनं कालेजात नाव टाकायले नाई म्हटलं, त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटली नाई अन् बाप-लेक एकमेकाच्या अंगावर गेले, असं आमच्या जांभूरटोल्यात सांगतेत. साफ खोटं आहे. चूल पेटली होती. मी सोता भात मांडला होता. तरोट्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं, एवढंच. अन् अंगावर कोनी कोनाच्या गेलं नाई. उमेंद्रचे बाबूजी – मी नाव घेत नाई, गाव त्यायले चैनलाल टेंभरे म्हनते – ते नुसते ताटावरून उठले अन् छपरीत जाऊन बसले.

झालं असं होतं. दुर्गेश्वरीले बारावीत छप्पन टक्के पडले. बाबूजींनं ठरवून टाकलं, पोट्टी गोंदियाले बी.ए. करल. फुलचूरले माझी बहीन राहते, तिच्या घरून कालेजात जाईल. फारमाची तारीख वीस जुलै. जेवता जेवता ते सांगून राहिले अन् ही ऐकून राहिली. मंग हिनं ताटातला हात थांबवला.

"बाबूजी, बी.ए. करून का करू?"

"लोक का करतेत?"

"लोकायचं मले माहीत नाई. आपल्या घरी एक आहे. त्याले विचारा."

उमेंद्र, माझा मोठा पोरगा, समोरच जेवत होता. त्यानं बी.ए. केलं, मंग चार वर्षं पोलीस, तलाठी, वनरक्षक, जे निघालं त्याचे फारम भरले. आता गोंदियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात काचा बदलून देते. त्या दिवशी तो सुट्टीवर आला होता. बापानं त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, तो बहिनीले दटावल.

तो म्हनला, "खरं बोलून राहिली ते. मले कोनी बारावीत विचारलं नाई, नाई तं मीबी हेच म्हटलं असतं. तीन साल खाली-पिली गेले, बाबूजी."

तेव्हा उठले ते. आता बापाचं मी समजू शकतो. त्यायचं शिक्षन सातवीपर्यंत. कालेज म्हनजे त्यायले वाटे, त्या दरवाज्यातून आत गेलं का मानूस चिखलातून सुटला. आमच्या पवाराच्या घरची जमीन तेवढीच राहते, मानसं वाढत जातेत, हे त्यायले समजत होतं. पन पोट्टीचंबी खोटं नव्हतं. आमच्याकडे बारावी झालेल्या पोट्टीपुढे का का राहते, ते मी पाहिलं आहे ना. माझ्या दिराची अंजू नर्स व्हायले गेली अन् अर्ध्यातून परत आली. दुसरी एक तिरोड्याच्या ठेकेदाराकडे चहाचे कप धुऊन राहिली, तेबी बारावी पास. बाकीच्यायचं लगन. अन् लगनाले कोनी नाई म्हनत नाई, तो फारम भरायची तारीख कधी जात नाई.

मंग पोट्टीले करायचं तरी का होतं? तिले रोवन्याची मशीन चालवायची होती.

आमच्या इकडच्या बायांच्या गटायचा संघ आहे, सुलोचनाबाई त्याची अध्यक्ष. संघाले धान रोवायची मशीन भेटली होती, चार ओळी एका बारीत लावनारी, मागून चालत हाकायची. दोन साल ती गोदामात झाकून पडली. चालवायले बालाघाटकडचा एक मानूस आनला, तो अर्ध्या रोवन्यात पळून गेला. मंग सुलोचनाबाईनं मे महिन्यात गावागावच्या पोट्ट्या जमा केल्या अन् पंधरा दिवस शिकवलं. पाच होत्या. दोघी उन्हाले कंटाळून सोडून गेल्या, दोघीयले सोयरीक आली. उरली माझी. ती रोज सायकलनं जाये अन् हाताले काळं तेल लावून घरी येये. मले वाटे, सुट्टीचा चाळा आहे, उतरल.

नाई उतरला. छपरीच्या दारात जाऊन उभी राहिली अन् बापाले म्हनली, "बाबूजी, एक एकर द्या मले. तळ्याखालची बांधी. पैला रोवना आपल्या घरचा. बिघडला तं मी मुकाट्यानं फुलचूरले जातो, तुमी म्हनान ते शिकतो."

त्यायनं तळ्याकडे पाहिलं. मंग म्हनले, "बिघडला तं एक शब्द नाई ऐकनार."

"नाई बोलत."

सुलोचनाबाईचंबी तेच होतं. ती म्हनली, एक एकर डोळ्यानं पाहतो, मंग मशीन पोट्टीच्या हाती देतो. संघाची वस्तू आहे, माझ्या घरची नाई. म्हनजे पोट्टीचं सगळं त्या एका बांधीवर आलं.

आता पऱ्ह्याचं ऐका. लहानपनापासून पऱ्हे, म्हनजे धानाची रोपं, पाहून राहिली मी. आमचे पऱ्हे महिन्याचे राहतेत, हातभर उंच, उपटले का मुठीत मावत नाईत. अन् हिनं का केलं? अंगनात प्लास्टिक अंथरलं. त्यावर चाळलेली माती अन् शेनखत, बोटाच्या दोन पेराएवढं. माझी कनकीची चाळनी घेतली त्यासाठी, न विचारता! त्यावर मोड आलेलं धान दाट पसरलं अन् रोज झारीनं पानी. आठ दिवसात अंगनात हिरवी सतरंजी उगवली. मुळं एकमेकात अशी गुंतली का कापून गुंडाळी करता येये, त्यालेच चटई म्हनतेत. पन उंची? वीतभरबी नाई. मले त्यायच्याकडे पाहून कीव येये. अशी कवळी पिल्लं चिखलात टाकायची म्हनजे का.

रुख्मा आली एक दिवस. गावातल्या रोवनाऱ्या बायांची ती मुखिया. गुत्ता, म्हनजे रोवन्याचा ठेका, तीच घेते, कोन कोनत्या ओळीत वाकल ते तीच सांगते. अंगनात उभी राहून म्हनली, "का वो धनवंताबाई, बैलासाठी घरीच चारा पेरला का?"

मी हासली. दुर्गेश्वरी झारी घेऊन उभी होती, ती नाई हासली. मंग रुख्माचंबी तोंड बदललं.

"पोट्टे, एक विचारतो. मशीन आली तं आमी का करू?"

"काकी, मागच्या साली तुमच्या हातून किती बांध्या राहिल्या? भादवा लागला तरी लोक तुमच्या दारात उभे होते."

"बारा जनी होतो आमी. आता सात उरल्या. कोनाचे घुटने गेले, कोनाची कंबर. नव्या पोट्ट्या चिखलात पाय टाकत नाईत."

"मी टाकून राहिली ना."

"तू मशीन घेऊन टाकून राहिली. वाकून नाई."

पोट्टीनं झारी खाली ठेवली. मी सुपारी पुढं केली. रुख्मानं सुपारीबी घेतली नाई, तशीच गेली. माझ्या मनाले लागलं ते. मी तिच्यासंगं रोवायले वाकली आहे, एका ओळीत. आमची पाठ एकच होती.

रोवन्याचा दिवस बुधवार ठरला. सोळा दिवसाची चटई. दुर्गेश्वरीनं बापाले सांगून ठेवलं होतं, चिखल सोमवारी करून टाका अन् मंग हात लावू नका, पानी नखभर ठेवा. त्यायनं सोमवारी केला. लय साजरा, लोन्यासारखा केला. चिखलाच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यायचं नाव आहे. लोक बोलावून नेतेत, चैनलाल, जरा सांग बाबू, आनखी एक पाळी देऊ का.

अन् बुधवारी घोळ झाला. उजाडायच्या आधी ट्रॅक्टरचा आवाज आला मले. जाऊन पाहतो तं हे बांधीत. सोमवारी केलेला चिखल पुन्हा दोनदा फिरवला, अन् तळ्याचं पानी सोडून घोट्याच्या वर भरलं. कोनी म्हनल, असं काऊन केलं? अहो, आमच्याकडे कोन्या लेकरालेबी विचारा! रोवना ताज्या चिखलात करायचा राहते. बसलेल्या चिखलात बोट जात नाई, नखं सोलून निघतेत, सांजेपर्यंत बायांच्या बोटातून रक्त येते. ताजा चिखल, वर पानी, रोप हातातून असं सुळकन आत जाते. बापानं पोट्टीसाठी आपल्या हातची सगळ्यात मोठी वस्तू करून दिली होती. पाहुन्याले पाट मांडावा तशी बांधी करून ठेवली होती.

नऊ वाजता धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, अर्धं गाव. सुलोचनाबाई आली, गुलाबचंदभाऊ आले. हे गुलाबचंदभाऊ म्हनजे गावातले मोठे कास्तकार, चाळीस एकर, छत्री अन् आवाज दोनी मोठे. दुर्गेश्वरी चिखलात उतरली. मी चटयाच्या गुंडाळ्या घेऊन मागं. तिनं वाकून चिखलात बोटानं एक रेघ ओढली. रेघ ओढता ओढताच मागून मिटत गेली. ती तशीच वाकून राहिली. मंग मान वर करून बापाकडे पाहिलं. ते मांडीपर्यंत चिखलानं भरलेले, दाढी वाढलेली, अन् हासत होते. अशे हासत होते का मी लगनातबी पाहिले नाई.

तिनं मशीन चालू केली.

दहा पावलं ठीक गेली. मंग पाहतो तं मागून रोपं वर येऊन राहिली. मशीनच्या खालची फळी चिखल ढकले, तो लाटेसारखा बाजूच्या ओळीवर जाये, लावलेली ओळ उपटून पान्यावर. सगळीकडे हिरवी हिरवी रोपं तरंगून राहिली. तिसऱ्या वळनाले चाक जे रुतलं ते रुतलंच. पोट्टी खांद्यानं रेटून राहिली, तोंडावर चिखल उडून राहिला, अन् मशीन जागच्या जागी भुर्रर्र करून राहिली.

"चैनलाल," गुलाबचंदभाऊनं वरून हाक दिली, "मशीन आहे का म्हैस? बसली ते उठत नाई!"

सगळा धुरा हासला. बारकी पोट्टी-सोट्टीबी. सहा मानसायनं बांबू घालून मशीन काढली. बाबूजी म्हनले, "मशीनच बेकार आहे. एवढा साजरा चिखल, याच्यात तं काडी लावली तरी उभी राहल." सुलोचनाबाईनं पायातला चिखल काडीनं काढत म्हटलं, "शनिवारपर्यंत थांबतो मी. शनिवारी नाई जमलं तं मशीन उचलून नेतो अन् बाहेरचा मानूस पाहतो. अन् दुर्गेश्वरी, चटई एकोनीस दिवसाची होईल तवा. त्याच्यापुढे रोपं मोठी होतीन, मशीनले जमनार नाई, माहीत आहे ना तुले?"

पोट्टीनं मान हालवली.

बोअरवर पाय धुतानी तिच्या पोटरीले दोन जळवा दिसल्या. मी चुना लावून काढल्या. रक्त थांबत नव्हतं. ती त्याच्याकडे पाहतबी नव्हती.

"माय, मले माहीत होतं."

"का माहीत होतं?"

"चिखल कच्चा आहे ते. मी रेघ ओढली ना. रेघ जराशी तरी थांबायले पाहिजे, मंग हळूहळू मिटायले पाहिजे. शिकवलं आहे आमाले. ताज्या चिखलात मशीन चालतच नाई. दोन दिवस बसू द्यावं लागते."

माझ्या हातातली चुन्याची डबी तशीच राहिली. खरं सांगतो, एक ठेवून द्यावी वाटली मले.

"मंग बोलली काऊन नाई तोंडानं? सगळ्या गावापुढे नाक कापून घेतलं!"

"कसं बोलू? उजाडायच्या आधी उठून केलं त्यायनं. माझ्यासाठी केलं."

अन् ती रडली. तेव्हा रडली, बांधीत नाई. माझा राग कुठी गेला, मलेच नाई समजलं. अठ्ठावीस वर्षं झाली या घरात मले. कितीदा मले माहीत होतं अन् कितीदा मी बोलली नाई, काऊन का त्यायनं मनापासून केलं होतं. मंग मी पदरानं तिचं तोंड पुसलं अन् म्हटलं, "हे मी नाई सांगनार त्यायले. मी सांगितलं तं माय-लेकीचं रडगानं होईल. मशीन तू चालवतेस. तू सांग."

"आज?"

"आजच. सकाळपर्यंत जीभ पुन्हा बसून जाईल तुझी."

कोठ्याजवळ ते ट्रॅक्टरच्या फाळातलं गवत सुऱ्यानं कापून काढत होते. दुर्गेश्वरी समोर जाऊन उभी राहिली. मी गायीच्या आडून ऐकून राहिली, लपवायचं का त्यात.

"बाबूजी, मशीन बेकार नाई. चिखल कच्चा होता."

सुरा थांबला. "का म्हनलीस?"

"ताज्या चिखलात चालत नाई ते. मी सोमवारचा चिखल मांगितला होता. तुमी आज केला."

"बत्तीस सालापासून चिखल करून राहिलो मी. माझा चिखल कच्चा?"

"कच्चा नाई. हातासाठी लय चांगला आहे. मशीनले हात नाई ना, बाबूजी. तिले बसलेला पाहिजे."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं? चार लोकात तमाशा झाल्यावर सांगतेस?"

"ते माझं चुकलं," ती म्हनली. "मी भेली. पुन्हा नाई भेनार."

ते उठले. सुरा टाकला अन् गायीचं दावं सोडायले लागले, गाय नुकतीच बांधली होती तरी. मले आडून पाहिलं अन् माझ्यावरच खेकसले, "तू का ऐकून राहिली वं? दूध काढ!"

दोन दिवस घरात पोट्टीशी बोलले नाई. जेवले, पन बोलले नाई. बुधवारी जेवढा भाग खराब झाला होता, तेवढा रुख्माच्या बायांनी गुरुवारी सकाळी येऊन हातानं लावून दिला, ते काम बाबूजींनंच त्यायले दिलं. उरला पाऊन एकर तसाच मोकळा. त्याच्या धुऱ्यानं ते फावडं घेऊन दिवसातून चारदा चक्कर मारत. हात शिवशिवत असन त्यायचे. मी भाजी तोडता तोडता पाहत राहिली. बांधीत पाय नाई टाकला त्यायनं. दुर्गेश्वरी सकाळ-संध्याकाळ जाये, चिखलात बोट घाले अन् परत येये, अन् दोघं एकमेकाच्या बाजूनं असे जात जशे सडकेवरचे अनोळखी.

शुक्रवारी दुपारी मोठा पाऊस झाला. शनिवारी सकाळी बांधीत पानी पोटरीले लागून राहिलं. आठ वाजता पाहतो तं बाबूजी ट्रॅक्टर घेऊन धुऱ्याच्या तोंडाशी उभे, इंजन चालू. लोक बुधवारपेक्षा जास्त. तमाशा एकदा पाहिला का पुन्हा पाहायले मजा येते लोकायले. सुलोचनाबाई घड्याळ पाहून राहिली होती, तिले दुपारी तिरोड्याले मीटिंग होती.

"तीन दिवस झाले," बाबूजी कोनालेच न पाहता मोठ्यानं बोलले, "खाली चिखल दगड झाला असन. एक चक्कर मारतो. एकच. मंग टाका मशीन."

गुलाबचंदभाऊ म्हनले, "बराबर. चिखल मोडल्याशिवाय रोवना होते का कुठी?"

ट्रॅक्टर गेरमधी पडला. पुढचं चाक बांधीत उतरायले अन् माझी पोट्टी धावत जाऊन चाकापुढे उभी राहायले.  पान्यात घुटन्याखाली बुडलेली, ओढनी कंबरेले बांधलेली, दोनी हात आडवे.

"नाई, बाबूजी."

"बाजूले हो."

"नाई. चिखल बसू द्या. पानी काढा फक्त. बाकी हात लावू नका."

 इंजन धडधडून राहिलं. मंग गुलाबचंदभाऊचा आवाज आला, "वा रे बाप्पा! पोट्टी आता बापाले चिखल शिकवते!"

कोनी हासलं, कोनी नाई. मी उमेंद्रच्या बाबूजीकडे पाहून राहिली. त्यायची मान लाल झाली होती. मी देवाले म्हटलं, आता हे उतरतीन अन् तिले हाताले धरून घरी नेतीन, अन् सोमवारी मी फुलचूरची पिशवी भरीन. पोट्टी हालली नाई. 

"आज सकाळी मशीन नाई चालत," ती सगळ्यायले ऐकू जाईल असं बोलली. "पानी उतरल तवा चालल. दुपारी. ज्याले थांबायचं त्यानं थांबा."

बाबूजींनं चावी फिरवली. इंजन बंद झालं. ते खाली उतरले, ट्रॅक्टरवरचं फावडं घेतलं, अन् धुऱ्याच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन तो आपल्या हातानं फोडला. पानी खळखळ करून खालच्या नालीत पळालं. एकदाच वर पाहून गुलाबचंदभाऊले म्हनले, "शिकून राहिलो, भाऊ. तुमालेबी शिकायचं तं बसा."

मी तोंड फिरवून पदर डोळ्याले लावला. लपवत नाई, रडलीच मी.

बसलं कोनीच नाई. पानी उतरायची वाट पाहन्यात मजा थोडीच राहते. दहा वाजता निम्मे गेले, बारापर्यंत सगळे. सुलोचनाबाईनं मीटिंगले फोन केला, मंग मोहाच्या झाडाखाली माझ्याजवळ बसून भात अन् आंब्याचं लोनचं खाल्लं. एक वाजता दुर्गेश्वरी उतरली, बोटानं रेघ ओढली अन् उभी राहून मोजत राहिली. रेघ थांबली. मंग काठाकाठानं हळूच मिटली. तिनं मले हाक मारली, "माय, चटई!"

पुढचे तीन तास मी कशी धावली, माझे घुटनेच सांगतीन. गुंडाळी उचलायची, भिजलेली चटई लय जड राहते, मशीनवर पसरायची, तोपर्यंत दुसरी. मशीन पुढं, पोट्टी मागं, दोनी मुठी दांड्यावर, कोपरं ताठ. वळनाले ती पूर्ण अंगानं मशीन उचलून फिरवे, अन् मानेच्या शिरा टरारून येयेत. मागं रोपं उभी. वीतभर कवळी पोरं ती, पन चार चार ओळीनं सरळ, सुतानं आखल्यासारखी. एकबी तरंगली नाई. मी वाकून एक ओढून पाहिलं. घट्ट होतं.

तीनच्या सुमारास रुख्मा आली. धुऱ्यावर उकिडवी बसून पाहत राहिली. एका वळनाले दुर्गेश्वरीनं श्वास घ्यायले मशीन थांबवली.

"बांधीचे कोपरे तशेच राहून राहिले तुझे," रुख्मा म्हनली.

"मशीन कोपऱ्यात वळत नाई, काकी. हातानंच लावावे लागतेत. अन् चटया करायलेबी माझ्या एकटीनं होनार नाई. दहा गावायच्या चटया लागतीन. तुमी याल का?"

"वाकावं लागते का त्याले?"

"बसून करायचं काम आहे."

रुख्मानं लुगडं खोचलं. "पाहू," म्हनली अन् कोपऱ्यात उतरली. माझ्या मनातलं ओझं पूर्न नाई उतरलं, सात बायांचं सगळं चटईत भागल असं मी कोनाले सांगनार नाई. पन ती उतरली.

बाबूजी धुऱ्यावरून हालले नाई दिवसभर. जेवलेबी नाई. शेवटची ओळ झाली तवा दुर्गेश्वरी मशीन बंद करून तशीच चिखलात बसली. दोनी तळहाताची साल निघाली होती. ते उतरले, तिच्याजवळ गेले. मले वाटलं, पाठीवर हात ठेवतीन. त्यायनं वाकून एक रोप दोन बोटात धरून हालवलं, मंग दुसरं, मंग तिसरं. मंग म्हनले, "पानी कवा भरू?"

"उद्या सकाळी. नखभर."

"नखभर," ते म्हनले.

मंगळवारी सुलोचनाबाई पुन्हा आली. तिनं चारी बाजूनं फिरून पाहिलं, कोपऱ्यात एक-दोन जागी खाली राहिलं ते दाखवलं, अन् मशीनची चावी दुर्गेश्वरीच्या हातात दिली. पूर्न हंगामासाठी. म्हनली, बिघडली तं तुलेच दुरुस्त करावं लागते, रडत माझ्याकडे येजो नको. त्याच दिवशी गोंदियावरून उमेंद्रचा फोन आला, बाबूजी, फारमाची तारीख सरून राहिली, भरू का? बाबूजींनं सांगितलं, "तिचा नको भरू. तुझ्या दुकानात काम कमी असन तं ये इकडे. चटया उचलायले मानूस पाहिजे." अन् फोन ठेवून दिला.

बुधवारी दुपारी गुलाबचंदभाऊ आमच्या अंगनात आले. छत्री मिटवून छपरीत बसले. चाळीस एकराचा मानूस, रोवना अर्ध्यावर अटकलेला, बाया मिळून नाई राहिल्या. इकडचं तिकडचं बोलले. मंग म्हनले, "चैनलाल, उद्या पाठवून दे मशीन. मोठ्या बांधीत. चिखल तयार आहे."

उमेंद्रचे बाबूजी तंबाखू मळत होते. म्हनले, "मले कायले विचारता, भाऊ? मी हो म्हटलं तरी ती नाई म्हनल. तिले विचारा."

दुर्गेश्वरी अंगनात मशीनच्या दाताले तेल देत बसली होती. गुलाबचंदभाऊनं खाकरून घेतलं. पोट्टीच्या जातीले असं सोता होऊन विचारायचं त्यायच्या तोंडाले वळन नव्हतं.

"का बेटा, उद्या जमल का?"

"चिखल कवा केला, काका?"

"आज सकाळीच. एकदम ताजा."

"मंग शुक्रवारी."

"शुक्रवारी? अरे, दोन दिवस बांधी खाली ठेवू?"

"शुक्रवारी सकाळी मी येतो अन् पाहतो," ती तेलाची डबी बंद करत म्हनली. "तयार असली तं चालवतो. नसली तं नाई चालवत."

गुलाबचंदभाऊ उमेंद्रच्या बाबूजीकडे पाहून राहिले. बाबूजी तंबाखूच मळत राहिले. मी आतून विचारलं, भाऊ, चहा ठेवू का? त्यायनं छत्री पायाजवळ आडवी ठेवली. मंग म्हनले, "ठेवा. शुक्रवारी किती वाजता येतेस ते सांग, बेटा."